सव्वा लाखाचा चंद्र

पितृपंधरवड्यात आमच्याकडे नवं काही घेत नाहीत. कपडे नाहीत, भांडी नाहीत, गाडी बुक करायची असली तरी माणसं घटस्थापनेपर्यंत कळ काढतात. दुकानदारही ते पंधरा दिवस गल्ल्यावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. ॲपल कंपनीला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही. तिचा नवा फोन सहसा सप्टेंबरात येतो, आणि २०२४ साली आला तसाच २०२५ सालीही तो नेमका पितृपंधरवड्यात विक्रीला आला. १९ सप्टेंबर २०२५ला मुंबईत बीकेसीच्या दुकानाबाहेर पहाटेच्या आधीपासून रांग, रांगेत रेटारेटी, रेटारेटीतून हाणामारी आणि ती सोडवायला सुरक्षारक्षक. सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर होती. घरोघरी कावळ्याची वाट बघायचे ते दिवस, आणि इथे चांगली शिकलीसवरलेली मंडळी काचेचं दार उघडायची वाट बघत होती. हेच दुकान २०२३च्या एप्रिलमध्ये उघडलं तेव्हा टिम कुक स्वतः आले होते. आदल्या दिवशी माधुरी दीक्षितने त्यांना वडापाव खाऊ घातला. त्याच वेळी हातात एखादं कालनिर्णयही द्यायला हवं होतं.

ज्या वस्तूपुढे पितृपक्षाचं काही चालत नाही, ती घ्यावी की नाही हे मला विचारून काय उपयोग? तरी लोक विचारतात. आमचा मेव्हणा तर दरवर्षी विचारतो. ‘‘दाजी, घेऊ का?’’ हा प्रश्न त्याच्या तोंडून येईपर्यंत त्याचा रंग ठरलेला असतो, साठवणक्षमता ठरलेली असते आणि जुना फोन बदल्यात कितीला जाईल हे दोन दुकानांत विचारून झालेलं असतं. त्याला सल्ला नको असतो, साक्षीदार हवा असतो. उद्या बहिणीने झापलं तर ‘दाजींना विचारूनच घेतला’ असं सांगता आलं पाहिजे.

मेव्हणा सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. एखाद्याने दोन म्हशींसाठी लाख-दीड लाख मागितले, तर हा सातबारा मागतो, दोन जामीनदार मागतो, म्हशींचा विमा मागतो आणि मग ‘साहेब रजेवर आहेत’ असं सांगतो. म्हैस दूध देते. फोन दूध देत नाही. पण फोनच्या बाबतीत याचा अर्ज, छाननी, मंजुरी आणि वाटप सगळं सोफ्यावर बसून एका अंगठ्यात होतं.

‘‘१,४९,९०० असं म्हणूच नका दाजी. चोवीस हप्ते. महिन्याला सव्वासहा हजार. दिवसाला दोनशे पाच. दोनशे पाच रुपयांत हल्ली येतं काय?’’

आमच्या घरचं दूध, भाजी आणि वर कोथिंबीर येते. पण हिशेब करणाऱ्याच्या मधे बोलू नये.

‘‘आणि व्याज शून्य!’’

आता हे वाक्य बँकेतल्या माणसाने बोलावं म्हणजे कमाल आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३च्या सप्टेंबरमध्ये बँकांना परिपत्रक काढून बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नाही. रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला मिळत नाही, वर ‘प्रोसेसिंग फी’ नावाचा एक बारीक आकडा खाली बारीक अक्षरांत असतो. मेव्हण्याला ते परिपत्रक तोंडपाठ आहे. ग्राहकांना तोच समजावतो. शिवाय फोनच्या किमतीत अठरा टक्के जीएसटी आहे. दीड लाखात तो जवळजवळ तेवीस हजार होतो. म्हणजे आपला फोन हातात येण्याआधी आपण सरकारला एक बऱ्यापैकी फोन घेऊन दिलेला असतो.

२०२५ला मात्र त्याने नवाच मुद्दा काढला. माझ्यासमोर नाही, सरळ बहिणीसमोर. ती मेथी निवडत होती.

‘‘ताई, रुपयांत मोजू नकोस. सोन्यात मोज. २००८ला आयफोन भारतात पहिल्यांदा आला तेव्हा ३१,००० रुपये. तोळा होता बारा हजारांच्या आसपास. म्हणजे अडीच तोळ्यांचा फोन. २०१७ला तो ‘टेन’ आला ८९,०००ला, तोळा तिसाच्या घरात. झाले तीन तोळे. आता तोळा लाखाच्या वर गेलाय आणि फोन दीड लाखाला. दीड तोळासुद्धा लागत नाही! फोन स्वस्त होतोय ताई, आपण उगाच रडतोय.’’

मला हा हिशेब बिनतोड वाटला. आकडे बरोबर होते, भागाकार बरोबर होता. बायकोने मेथीची एक जुडी संपवली, दुसरी सोडली आणि विचारलं, ‘‘२०१७ला ज्यांनी तीन तोळे घेतले त्यांच्याकडे आज काय आहे?’’

‘‘तीन तोळे.’’

‘‘आणि ज्यांनी फोन घेतला त्यांच्याकडे?’’

मेव्हण्याने चहा मागितला.

या दीड लाखात मिळतं काय, ते जरा बघू. २०२३ साली आयफोनच्या वरच्या मॉडेलला टायटॅनियमची चौकट आली. टायटॅनियम म्हणजे अवकाशयानात वापरतात तो धातू, हे त्या वर्षी आम्हाला इतक्या जणांनी ऐकवलं की सगळे श्रीहरिकोट्याला नोकरीला आहेत की काय असं वाटावं. २०२५ला कंपनी ॲल्युमिनियमवर परत आली. कारण काय, तर ॲल्युमिनियममधून उष्णता चांगली वाहते. आमच्या आजीचं चहाचं पातेलं हे विनामूल्य सांगत होतं. मौज अशी की टायटॅनियम आलं तेव्हा ज्यांना ते फार आवडलं होतं, त्यांनाच आता ॲल्युमिनियम फार आवडतं. आणि धातू कुठलाही असो, दुकानाची पायरी उतरायच्या आत त्यावर दीडशे-दोनशे रुपयांचं पारदर्शक कव्हर चढतं. हे कव्हर चार महिन्यांत पिवळं पडतं. मग तो जगातला सर्वांत देखणा फोन माणूस पुढची काही वर्षं कावीळ झालेल्या प्लॅस्टिकमधून पाहतो.

काढून काय घेतलं, हेही बघायला हवं. २०१६ला हेडफोनचं भोक गेलं. हे करायला धाडस लागतं, असं कंपनीच्या अधिकाऱ्याने व्यासपीठावरून सांगितलं. २०२०ला खोक्यातून चार्जर गेला, पर्यावरणासाठी. तेव्हा सॅमसंगने ‘आमच्याकडे चार्जर मिळतो बरं का’ अशी चिमटा काढणारी पोस्ट टाकली. ती गुपचूप काढून टाकली, आणि २०२१च्या जानेवारीत त्यांच्याही महागड्या फोनमधून चार्जर गायब झाला. पर्यावरणाची काळजी ही अशी एकाकडून दुसऱ्याला लागते. सात-आठ हजारांच्या फोनबरोबर मात्र चार्जर बरीच वर्षं इमानाने येत राहिला. गरिबाला पर्यावरणाचं काही पडलेलं नसतं.

मग पाणी. हे फोन सहा मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकतात असं कंपनी सांगते. पाणी आत जाऊन फोन बिघडला तर ते वॉरंटीत बसत नाही, हेही तीच कंपनी सांगते, जरा हळू आवाजात. मी राहतो तिथे सहा मीटर खोल पाण्यात जायचा प्रसंग फक्त भुयारी मार्गात येतो. खरी अडचण वेगळीच आहे. जुलैत बसस्टॉपवर उभं असताना फोन वाजतो, पडद्यावर चार थेंब पडलेले असतात, बोटही ओलं असतं. हिरवं बटण दाबावं तर सरकत नाही, तांबडं दाबावं तर भलत्याच कुणाला फोन लागतो. माणूस शर्टाला बोट पुसतो, शर्ट आधीच चिंब. शेवटी तो पाणबुडीसारखा फोन दुधाच्या पिशवीत घालून खिशात ठेवला जातो. सहा हजारांचा फोनही त्याच पिशवीत राहतो.

पण महाग फोनचं नाव निघालं की बोलणं अखेर कॅमेऱ्यावर येतं, आणि कॅमेरा म्हटलं की मला आमच्या गच्चीवरची कोजागिरी आठवते.

दूध आटत होतं. सोसायटीतल्या बायकांनी वेलची-जायफळ घातलं होतं, कुणीतरी केशर काडी-काडी मोजून टाकलं होतं. त्या रात्री दुधात चंद्र बघायचा असतो. पण पातेल्याभोवती कुणीच नव्हतं. सगळे माझ्या भाच्याभोवती. त्याने सॅमसंगचा सव्वा लाखाचा फोन घेतला होता, दोनशे मेगापिक्सेलचा, शंभर पट जवळ आणणारा. ‘‘मामा, बघाच तुम्ही,’’ म्हणत त्याने फोन वर धरला. शंभर पट झूमवर चंद्र पडद्यावर सापडत नाही, आणि सापडला तर थांबत नाही. डाव्या कोपऱ्यातून आत यायचा, उजवीकडून पळायचा. भाच्याने श्वास रोखला, कोपरं बरगडीला चिकटवली, मग टाकीला टेकला, शेवटी माझ्या खांद्याचा स्टँड केला. आधी नुसता पांढराफटक गोळा दिसत होता. मग एकदम फोनला काय वाटलं कोण जाणे, गोळा मंद झाला आणि त्यावर डाग उमटले, खड्डे उमटले, खड्ड्यांच्या कडा उमटल्या. ‘‘अगंबाई!’’ असा सामुदायिक उद्गार निघाला. आमच्या आत्याने तर पडद्याला नमस्कार केला. वर खरा चंद्र होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्या खड्ड्यांचं रहस्य २०२३च्या मार्चमध्ये जगभर गाजलं होतं. एका उपद्व्यापी गृहस्थाने चंद्राचा फोटो इंटरनेटवरून घेतला, तो बारीक केला, मुद्दाम धूसर केला, इतका की खड्डा नावाची गोष्ट त्यात उरू नये. तो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतला दिवा मालवला आणि लांबून सॅमसंगच्या महागड्या फोनने त्याचा फोटो काढला. फोटोत खड्डे आले. जे समोर नव्हतंच ते आलं. सॅमसंगनेही मग खुलासा केला की चंद्र ओळखला की कृत्रिम बुद्धिमत्ता तपशील ठळक करते, नको असेल तर ही सोय बंद करता येते. चंद्राचं हे जमतं, कारण तो बिचारा पृथ्वीकडे सतत एकच बाजू करून फिरतो. खड्डे कुठे आहेत हे फोनला आधीच पाठ असतं. आपण फक्त गोळा दाखवायचा, उत्तरपत्रिका तो लिहितो.

भाच्याला हे मी सांगितलं नाही, सण होता. पण आत्या आत्याच. तिने चष्मा पुसला, त्याच्याच फोनमध्ये दोन फोटो मागे-पुढे करून बघितले आणि म्हणाली, ‘‘हा गेल्या वर्षी एका ग्रुपवर आलेला, तोच ना रे?’’ भाचा चिडला. तिचं काय चुकलं? पौर्णिमेचा चंद्र तोच, बाजू तीच, खड्डे तेच. एका कुटुंबाला जन्मभरात असा एक फोटो पुरतो.

पुढे त्या फोटोचं काय झालं ते अधिक बोधप्रद आहे. दोनशे मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या वापरात दोनशेचा फोटो देतच नाही. शेजारशेजारचे सोळा बिंदू एकत्र करून तो एक बिंदू धरतो, म्हणजे अंधारात फोटो बरा येतो. झाले साधारण बारा मेगापिक्सेल. चंद्राचा फोटो तर त्या दोनशेवाल्या कॅमेऱ्याचाही नव्हता, लांबचं बघणाऱ्या दुसऱ्या भिंगाचा होता. तो भाच्याने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं, राहिले दोनेक. ते दोन मेगापिक्सेल तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हाताएवढ्या फोनवर, चष्म्याशिवाय, अंगठ्याएवढ्या आकारात बघितले आणि खाली हात जोडलेली बाहुली टाकली. दूध तोवर करपलं होतं. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

भाषांतराचीही एक गंमत सांगून टाकतो. २०२४च्या जानेवारीत सॅमसंगचा नवा फोन आला तो फोनवरचं बोलणं तिथल्या तिथे दुसऱ्या भाषेत सांगणारा. सुरुवातीच्या तेरा भाषांत हिंदी होती, पोलिश होती, व्हिएतनामी होती. मराठी नव्हती. त्यामुळे वॉर्सातल्या माणसाशी आमचा भाचा बिनधास्त बोलू शकत होता, आत्याशी बोलताना मात्र त्याला स्वतःच्याच जिवावर निभावून न्यावं लागत होतं. आणि मुळात आमच्या इमारतीत रेंज फक्त मागच्या गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी येते. तिथे दीड लाखाचा फोन घेतलेला माणूस आणि सात हजारांचा फोन घेतलेला माणूस, दोघेही एका कानात बोट घालून ‘‘आता येतोय का आवाज?’’ असंच ओरडतात.

दिवसभरात आपण या यंत्राकडून काम कुठलं करून घेतो? पैसे पाठवणं, ‘पोहोचलो’ कळवणं, सुप्रभात पुढे ढकलणं आणि दिवे गेले की टॉर्च. टॉर्च २००३ सालच्या नोकिया ११००लाही होती. तो फोन जगभरात पंचवीस कोटींच्या वर खपला, आणि जमिनीवर पडला तर लोक आधी फरशीकडे बघायचे. पैशांचं म्हणाल तर मंडईत रोज बघा. गिऱ्हाईक दीड लाखाचा फोन पुढे करतं, भाजीवाल्या मावशींच्या सात हजारांच्या फोनवर तीस रुपये येतात. यूपीआय दोन्ही फोनना सारखाच वेळ लावतं. फरक इतकाच की एकातून पैसे जातात आणि दुसऱ्यात येतात.

म्हणून हे फोन वाईट असतात असं कुणी समजू नये. नातीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शेवटच्या रांगेतून, मधे सव्वाशे डोकी आणि स्टेजवर लाल-निळा अंधार असताना, नात फुलपाखरू झाली होती की बेडूक हे ओळखू येईल असं चित्रण या फोननीच करावं. तिथे पुढच्या रांगेतल्या नगरसेवकाच्या ओळखीचाच काय तो याहून जास्त उपयोग. लग्नाचे फोटो काढणारे, बातमी देणारे, रील करून पोट भरणारे यांना तर हे अवजारच आहे. सुताराने चांगला रंधा घेतला म्हणून त्याला कुणी उधळ्या म्हणत नाही. आणखी एक गोष्ट कंपन्यांनी खरोखर चांगली केली. २०२३च्या ऑक्टोबरात गूगलने आपल्या पिक्सेल ८ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं, मग २०२४ला सॅमसंगनेही आपल्या वरच्या फोनला तेच दिलं. सात वर्षं म्हणजे पोरगं पहिलीतून आठवीत जातं.

मेव्हण्याने हा मुद्दाही लगेच उचलला. सात वर्षं वापरणार म्हणाला. मी कागद घेतला. सॅमसंगचा १,२९,९९९चा फोन सात वर्षं वापरला तर वर्षाला साडेअठरा हजार पडतात. पंचवीस हजारांचा मधला फोन तीनच वर्षं वापरून टाकला तर वर्षाला सव्वाआठ. म्हणजे सात वर्षांचं कडक व्रत पाळूनही दुपटीहून जास्त. आणि हे व्रत पाळणार कोण? ज्याला नव्या रंगाची बातमी आली की झोप लागत नाही, तो. दर दोन वर्षांनी फोन बदलणाऱ्याने सात वर्षांच्या अपडेटचे पैसे भरणं म्हणजे चार दिवसांनी घर सोडणाऱ्याने वर्षभराचं धान्य भरण्यासारखं आहे. त्यातून ॲपलच हवा असेल, तर २०२५चा साधा आयफोन १७ आहे, आला तेव्हा ८२,९००चा. त्याचा सगळ्यात मोठा भाऊ, म्हणजे मेव्हण्याचा १,४९,९००चा, आणि तो यांत ६७,००० रुपयांचं अंतर. त्या अंतरात एक लांबचं बघणारं भिंग येतं, मोठा पडदा येतो, मोठी बॅटरी येते आणि नारिंगी रंग येतो. भिंग वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाला लागेल. रंग कव्हरखाली जाईल.

तेव्हा माझा निकाल असा. ज्याचं पोट कॅमेऱ्यावर आहे त्याने खुशाल घ्यावा. ज्याच्याकडे दीड लाख असे पडून आहेत की गेले तरी घरात कुणी मेथी निवडायची थांबणार नाही, त्यानेही घ्यावा, त्याला मला विचारायची गरज नाही. बाकीच्यांनी आधी हातातल्या फोनची बॅटरी बदलावी. दीड लाखाच्या नव्या फोनच्या किमतीचा दहावा हिस्साही त्याला लागत नाही. हे माझं घरगुती शहाणपण नव्हे. २०१७च्या डिसेंबरात ॲपलने कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झाली की ते आयफोनचा वेग कमी करतात. बोंबाबोंब झाली, म्हणून कंपनीने वर्षभर बॅटरी स्वस्तात बदलून दिली. लोकांचे जुने फोन पुन्हा पळायला लागले. मग २०१९च्या जानेवारीत, अपेक्षेपेक्षा कमी कमाई का होणार हे गुंतवणूकदारांना सांगताना टिम कुक यांनी पत्रात जी कारणं दिली, त्यांत एक हेही होतं की लोकांनी स्वस्तात बॅटऱ्या बदलून घेतल्या.

मेव्हण्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि दसऱ्याला नारिंगी फोन आणला. तुम्ही आधी बॅटरी बदलून बघा.